हिरव्या खिशाचा फ्रॉक

तिसरी थप्पड बसली तेव्हा तिच्या कडेवरची पोर खाली पडली.

मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होते. दुपारचे चार वाजले होते. सोसायटीच्या फाटकापाशी पंचवीस-तीस माणसं होती आणि मधोमध आमची बोहारीण होती, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. बाकीची गुजराती सोसायटी तिला वासणवाळी, म्हणजे भांडीवाली, म्हणते. तिची पोतडी कोणीतरी उलटी केली होती. पातेली, डबे, झारे रस्त्यावर पसरले होते. पोर एवढी पडली तरी रडली नाही, आणि तेच बोहारणीच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, अंगाशी आलं.

"जुओ, दवा पाई छे! छोकरी उठती ज नथी!" एक जण ओरडला. पोर पळवून आणलीय, औषध पाजून झोपवलंय, उठतच नाही, असं त्याचं म्हणणं.

पोरीला ताप होता. ते मला नंतर कळलं. वरून मला दिसला तो तिच्या अंगातला फ्रॉक. पिवळा फ्रॉक, पुढे हिरवा खिसा. तो खिसा मी लावलेला. माझ्या नातीने आंबा खाताना डाग पाडला, डाग निघेना, म्हणून माझ्या जुन्या पोलक्याचा तुकडा कापून मी त्यावर खिसा शिवला होता. तसा फ्रॉक दुसरा कोणाकडे असणं शक्य नव्हतं.

हे खालच्या लोकांनाही कळलं होतं. नातीच्या वाढदिवसाचा फोटो सुनेने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात ती तोच फ्रॉक घालून केक कापत होती. एकाने तो फोटो शोधून काढला आणि मोबाईल हात उंच करून सगळ्यांना दाखवला. खिसा बघा, म्हणाला. मग चौथी थप्पड बसली.

मी तिथूनच ओरडायला हवं होतं. फ्रॉक मी दिलाय, एवढंच. माझा आवाज लहान नाही. मी ओरडले नाही. मी आत गेले, मोबाईल घेतला, चष्मा शोधला, आणि आदल्या संध्याकाळी मी ग्रुपवर जे बोलून पाठवलं होतं ते पुसलं. मला वाचायला वेळ लागतो. सगळ्यांकडून पुसायचं बटण सापडेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. ती तीन-चार मिनिटं खाली मारत होते. मग मी चपला घातल्या आणि निघाले.

क्रम असा होता. नंतर पुष्कळांना मी तो उलटा करून सांगितला, म्हणून इथे खरा सांगते.

आमचं घराणं बडोद्याचं जुनं. आजोबा संस्थानच्या पलटणीत शिपाई होते, नवरा गोरव्याला एका कारखान्यात टर्नर होता. मी चौथीपर्यंत शिकले, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं. नवरा रोज पेपर मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाल्यावर त्यावरचं मतही तोच सांगायचा. मी भाकऱ्या करत ऐकायचे. मला काही वाटतं का, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही कधी सांगावंसं वाटलं नाही.

तो गेल्यावर मी खाली बाकड्यांवर बसायला लागले. सोसायटीच्या देवळासमोर दोन बाकडी आहेत. संध्याकाळची आरती झाली की तिथे अख्ख्या देशाचा निकाल लागतो. कोण आतला आणि कोण बाहेरचा, कोणाच्या मुलांना राखीव जागा मिळाव्यात, गुन्हेगाराला भर चौकात फाशी द्यावी की कोर्टाची वाट बघावी, मुलींनी किती वाजता घरी यावं. आधी मी नुसती ऐकायचे. मग एक दिवस मधेच बोलले आणि लोक हसले, माझ्यावर नाही, मी ज्याला बोलले त्याच्यावर. तेव्हा मला पहिल्यांदा चव लागली.

सुनेने मोबाईलवर बटण दाबून बोलायला शिकवलं. लिहायचं नाही, नुसतं बोलायचं, की ते सगळ्यांना जातं. माझी गुजराती अर्धी मराठी आहे. लोकांना तीच आवडायला लागली. काही घडलं की ग्रुपवर कोणीतरी विचारायचं, बा शुं कहे छे? बा काय म्हणतात? बा म्हणजे मी, म्हाताऱ्या बाईला इथे तसंच म्हणतात. सकाळी दूध आणायला गेले की डेअरीवाला म्हणायचा, "बा, काले तो तमे बधाने चूप करी दीधा!" सगळ्यांची तोंडं बंद केलीत. मी पिशवी पुढे करून म्हणायचे, दूध दे, पाणी कमी घाल. पण घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नसायचे.

बाकड्यावर माझ्याशी वाद घालणारे एकच होते. रिफायनरीतून रिटायर झालेले खानदेशी गृहस्थ, तळमजल्यावर राहणारे. मला वहिनी म्हणायचे. त्यांचं प्रत्येक बोलणं "आधी खात्री करू या" पासून सुरू व्हायचं. मला त्यांचा राग यायचा, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असायचे आणि फार सावकाश बोलायचे.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. पाठीवर पोतडी घेतलेल्या बायका, आणि मागून एक माणूस सांगतोय की ही पोरं पळवणारी टोळी आहे, दुपारी माणसं झोपली की येते. आदल्या संध्याकाळी बाकड्यावर तोच विषय होता.

"वहिनी, हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही," ते म्हणाले. "साड्या नेसायची पद्धत बघा ना. कुठला तरी लांबचा आहे. आणि जुना."

"तुम्ही साड्या बघत बसा. पोर गेलं की पोलिसांना साडीचा काठ सांगा."

बाकडं हसलं.

"कायदा आहे की त्यासाठी."

"कायदा फाटकावर उभा राहतो का? इथे आमचा वॉचमन उभा राहत नाही."

वॉचमनसुद्धा हसला.

"पण उगाच एखादी गरीब बाई सापडली म्हणजे?"

"गरीब म्हणून सोडा, म्हातारी म्हणून सोडा. मग धरायचं कोणाला, तुम्हाला?"

लोकांनी टाळ्या दिल्या एकमेकांना. ते गृहस्थ उठले, धोतराला न लागलेली धूळ झटकली आणि घरी गेले. मी जिंकले होते. पण बाकड्यावर तेव्हा दहा-बाराच माणसं होती. घरी येऊन मी बटण दाबलं आणि उरलेल्यांसाठी तेच पुन्हा बोलले, जरा घोळून. दुपारच्या वेळी पोतडीवाल्या बायांना आत घेऊ नका. एकीला धरा आणि दोन ठेवून द्या, बाकीच्या आपोआप यायच्या बंद होतील. आणि शेवटी म्हटलं, तोंड ओळखीचं वाटलं तरी फसू नका, ओळखीचीच तोंडं फसवतात.

हे शेवटचं मला बोलता बोलता सुचलं. कानाला बरं लागलं म्हणून बोलले. त्याला दुसरं कारण नव्हतं. मोबाईलवर अंगठेच अंगठे आले आणि मी समाधानाने जेवले.

आमची बोहारीण भर दुपारीच यायची, पोतडी घेऊनच यायची. ती माझ्या डोक्यात आली नाही. ती आमची होती. मी बोलले ते त्या बायांबद्दल. त्या बाया कोण, त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

ती वीसेक वर्षं येत होती. माझ्याच वयाच्या मागेपुढे, चार-पाच वर्षांनी लहान असेल. मी तिला घरात घ्यायचे नाही, जिन्यातच बसायचो दोघी. ती कपडा उलटा करून शिवण बघायची, मी पातेलं उलटं करून बूड बघायचे.

"बा, आमां तो काणुं छे," म्हणायची. भोक आहे ह्याला.

"भोकातून वारा येतो. उन्हाळ्यात बरं."

"तो आ पातेलामां पण राखो ने एक काणुं, डाळ ठंडी थशे." मग पातेल्यालाही ठेवा एक भोक, डाळ गार होईल.

अशी होती. तिचं तोंड माझ्यापेक्षा कमी नव्हतं. फक्त तिला ऐकायला मी एकटीच असायचे.

दिवाळीआधी साफसफाई काढली तेव्हा मी तिला दोन पँटी, तीन साड्या आणि नातीचे लहान झालेले कपडे दिले. त्यावर झाकणाचा डबा ठरला. फ्रॉक हातात घेऊन ती थांबली. कपडे ती रविवारच्या बाजारात विकते, स्वतःसाठी ठेवत नाही, हे मला माहीत होतं. म्हणाली, हा विकणार नाही, माझ्या नातीला होईल, खिसा छान आहे. मी म्हटलं, मग डब्याबरोबर चाळणी पण दे, आवडला ना तुला. तिने चाळणी दिली. एवढाच त्या फ्रॉकचा इतिहास. तिला मारलं त्या दिवशी तिची मुलगी कामावर गेली होती, पोर तापाने फणफणलेली, म्हणून घेऊन आली होती आणि चांगला फ्रॉक घालून आणली होती, कारण आमच्याकडे यायचं होतं.

मी जिना उतरून खाली पोचले तेव्हा ती जमिनीवर बसली होती. कानातून रक्त मानेवर आलं होतं. पोरीला तिने मांडीत ओढून घेतलं होतं आणि वर वाकून बसली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने तिचे केस धरले होते. चांगला शिकलेला, नोकरीवाला मुलगा. लहानपणी माझ्या घरी साबुदाण्याची खिचडी खायला यायचा. मला बघून तो दुसऱ्याला म्हणाला, "बा माटे खुरशी लाव." बांसाठी खुर्ची आण.

"केस सोड तिचे," मी म्हटलं. "फ्रॉक माझा आहे. मी दिलाय तिला."

"बा, तमे उपर जाओ, तडको छे."

"ऊन गेलं खड्ड्यात. दिवाळीला दिलाय मी. डबा घेतला त्यावर."

"बा, तुम्हाला वाटत असेल. ह्या दोरीवरून उचलतात. आज फ्रॉक, उद्या पोर."

"अरे, वीस वर्षं ओळखते मी तिला!"

तो माझ्याकडे बघून हसला. चिडून नाही. शाळेत पाठ केलेला धडा बाईंना म्हणून दाखवावा तसा म्हणाला, "बा, तुम्हीच तर काल बोललात. ओळखीचीच तोंडं फसवतात."

बाकड्यावर मला कधी उत्तराची अडचण पडली नव्हती. मी एक पाऊल पुढे टाकलं, खाली पडलेल्या झाऱ्यावर पाय आला, गुडघा वळला आणि मी त्या दोघींवर पडले.

पुढे लोक म्हणाले की बांनी अंगावर मार घेऊन तिला वाचवलं. एका पेपरवाल्यालाही तेच वदवून घ्यायचं होतं माझ्याकडून. खोटं आहे. मी पडले. माझं बोलणं ऐकून कोणी थांबलं नव्हतं. म्हातारीचं हाड मोडलं असेल, ह्या भीतीने थांबले. "बा पडी गयां, बा पडी गयां" झालं आणि पाच मिनिटांपूर्वी मारणारे हात पाणी आणायला पळाले. अॅम्ब्युलन्ससुद्धा माझ्यासाठी बोलावली. आत बसलेल्या नर्सने बाहेर बघितलं आणि म्हणाली, पहिली ती, मग ही, नाहीतर गाडी हलत नाही. म्हणून तिला घेतलं.

गाडीत पोर जागी झाली आणि रडायला लागली. तेवढ्या वेळात मी ऐकलेलं तेच एक बरं वाटणारं.

मोबाईल माझ्या कमरेला होता. दवाखान्यात बाकावर बसून बघितला. मारामारी चालू होती त्याच वेळेला त्या खानदेशी गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं होतं: कृपया कोणीही कायदा हातात घेऊ नये, आधी खात्री करावी. त्यांची खिडकी फाटकापासून दहा पावलांवर आहे. ते खिडकीमागे बसून लिहीत होते आणि मी वर बसून पुसत होते.

मला गुडघ्याला पट्टी बांधून सोडलं. तिच्या दोन बरगड्यांना चीर गेली होती आणि डाव्या कानाचा पडदा फाटला होता. पोलीस आले. पोर तिचीच आहे का, हा पहिला प्रश्न होता. तिची मुलगी कामावरून धावत येईपर्यंत आणि कागद दाखवेपर्यंत पोर एका बाई पोलिसाच्या मांडीवर होती. फ्रॉकचं मी सांगितलं. ते लिहून घेतलं. शहरात कुठे पोर हरवल्याची तक्रार आहे का, असं मी विचारलं. बाई पोलीस म्हणाली, आमच्याकडे एकही नाही.

मुलगा वाघोडियाहून कंपनीतून परस्पर तिथेच आला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आई, फ्रॉकचं सांगितलंस ना? पुरे. त्या बोललेल्याचं काढू नकोस."

"पुसलं तरी कोणी उतरवून ठेवलं असेल की."

"कोणी देणार नाही. दिलं तर त्यांचेच अंगठे दिसतात खाली."

मी गप्प बसले. चार दिवस बसले.

त्या चार दिवसांत ग्रुपवर चर्चा झाली. झालं ते चूक, पण लोक तरी काय करणार. मारायला नको होतं, पण ती आत शिरलीच कशी. पोलिसांनी गस्त वाढवावी. वॉचमन बदलावा. सगळ्यांनी आपापलं मत दिलं. कोणीतरी विचारलं, बा केम चूप छे? बा गप्प का? पाचव्या दिवशी दुसऱ्या कुठल्याशा राज्यातली भांडणाची बातमी आली आणि सगळे तिकडे गेले. तिचं नाव काय, हे एकानेही विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं. वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेले. ती कुशीवर पडली होती, चांगला कान वर. मी स्टूल ओढून बसले आणि लगेच सांगितलं. दुसरं काही बोलत बसले असते तर राहून गेलं असतं. म्हटलं, मोबाईलवर मी बोलले होते, पोतडीवालीला धरा, मारा. ते ऐकून त्यांनी तुला मारलं. आणि वरून तुला बघितलं तेव्हा मी आधी ते पुसत बसले.

तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "खबर छे."

"कसं माहीत?"

तिने सांगितलं ते असं. तिला धरल्यावर ती म्हणाली होती, दुसऱ्या मजल्यावरच्या बांना विचारा, त्या मला ओळखतात. तेव्हा एकाने मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाला, ऐक, बा काय म्हणतात ते. आणि माझा आवाज लावला. "तमारो अवाज संभळायो ने," ती म्हणाली, "मने थयुं बा आव्यां." तुमचा आवाज आला, मला वाटलं बा आल्या. तिने मान वळवून मला शोधलं, तेवढ्यात त्या कानावर बसली.

रागाने बोलत नव्हती. राग असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. मी विचारलं, काही आणू का तुला? म्हणाली, नको. मग म्हणाली, "बा, हवे जाओ." जा आता. मी उठले.

तिथून मी पोलीस चौकीत गेले. तिथला साहेब म्हणाला, माँजी, असं तर सगळेच बोलतात, घरी जा. मी म्हटलं, सगळ्यांना बोलवा मग, पण माझं आधी लिहा. तास-दीड तास बसून राहिले. शेवटी त्याने चार ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या, मी सही केली. मोबाईलही त्यांनी ठेवून घेतला.

मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. केस झाली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आणि आणखी चौघं जामिनावर आहेत, तारखा पडताहेत, माझीही साक्ष आहे. त्या मुलाची आई एकदा मला लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "तुमची जीभ सुटली आणि माझा मुलगा अडकला. तुम्ही मात्र सही करून चांगल्या झालात." तिचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खरं नाही, पण ते तिला पटवायचा मला हक्क नाही.

मी आता बाकड्यावर बसत नाही. आरती झाली की वर येते. गॅलरीतून त्यांचा आवाज येतो, विषय रोज नवा असतो. ते खानदेशी गृहस्थही हल्ली फार बोलत नाहीत. बोहारीण आमच्या बाजूला परत आली नाही. तिच्या मुलीकडून कळलं की बरगड्या भरून आल्या, डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, आणि नात आता बालवाडीत जाते.

त्या दुपारी फाटकाशी जमिनीवर आम्ही तिघी होतो. तिघी जिवंत आहोत.